नॉर्वेजियन शिकताना माझी मराठी कुठे कुठे कामी आली

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मेसेज करून विचारतं, "ताई, नवऱ्याला ऑस्लोत जॉब लागलाय, आम्ही निघतोय, नॉर्वेजियन शिकावंच लागतं का, तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं ना?" येतं ना, बस ड्रायव्हरला येतं, दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला येतं, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला येतं, शेजारच्या आजींना पण येतं, आणि सगळी गोची तिथेच आहे. तुम्ही घरून वाक्य घोकून जाता, दुकानात तोंड उघडता, समोरच्याला तुमचा अ‍ॅक्सेंट कळतो आणि तो बिचारा तुम्हाला त्रास नको म्हणून लगेच इंग्लिशवर येतो, त्यात त्याचा शिष्टपणा काही नसतो, उलट मदतच करत असतो तो. पण अशी मदत रोज झाली की दोन-दोन वर्षं राहून पण माणसाची गाडी "थाक्क" (थँक्यू) आणि "हा दे" (बाय) च्या पुढे जात नाही. त्यामुळे सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करायचं, "कान वी ता दे पो नॉष्क?", म्हणजे आपण हे नॉर्वेजियनमध्येच बोलूया का. हसून म्हणायचं आणि मग अडखळत का होईना चालू ठेवायचं. मी हे इतक्या वेळा म्हटलंय की बाकीचं नॉर्वेजियन कसंही असो, हे एक वाक्य माझ्या तोंडून अस्सल इथल्यासारखं येतं.

ऑस्लोत तर अजून एक सोय आहे. ग्रोनलँड भागात गेलात की दुकानात पंजाबी-उर्दू चालू असतं, कोथिंबीर, कढीपत्ता, इनो, सगळं हिंदीत मागता येतं. ऑफिसमध्ये मीटिंग इंग्लिशमध्ये, ईमेल इंग्लिशमध्ये, घरी मराठी. मग नॉर्वेजियन लागतं कुठे, तर जेवणाच्या टेबलावर. इथे साडेअकराला लोक आपापले मात्पाक्के, म्हणजे घरून आणलेले ब्रेडचे तुकडे, उघडून बसतात आणि हुत्ता (डोंगरातलं घर), स्की, ईस्टरची सुट्टी, कुणाच्या पोराची फुटबॉल टीम असलं सगळं चालू होतं. तुम्ही बसलात की पाच मिनिटं तुमच्यासाठी इंग्लिश, मग कुणीतरी जोक मारतं आणि टेबल परत नॉर्वेजियनवर. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आपण चार मराठी माणसं कॅन्टीनला बसलो आणि एक तमिळ मित्र आला तर आपण तरी किती वेळ हिंदी बोलतो? पण ऑफिसमधलं खरं ऑफिस त्या टेबलावर चालतं, कोण कुठल्या प्रोजेक्टवर जाणार, कोण सोडून चाललंय, ते सगळं तिथेच कळतं. मी कोर्सला नाव घातलं ते त्या टेबलामुळे, पर्मनंट रेसिडेन्स वगैरे नंतर.

कोर्सच्या पैशाचं आधीच सांगून ठेवते कारण ते कुणी नीट सांगत नाही. आपल्यासारखे युरोपबाहेरून जॉबवर आलेले आणि त्यांच्या मागे आलेले नवरा-बायको, यांना भाषा शिकणं कायद्याने लागू आहे पण फुकट कोर्सचा हक्क नाही. म्हणजे शिका पण आपल्या खिशातून. निर्वासित म्हणून आलेल्यांना किंवा नॉर्वेजियन माणसाशी लग्न करून आलेल्यांना तो हक्क असतो. यावर इथली मराठी मंडळी जेवढी कुरकुर करतात तेवढा वेळ अभ्यासाला दिला तर बी-वन, म्हणजे भाषेची मधली पातळी, निघेल, पण ते असो.

आता मुद्द्याचं. क्लासमध्ये पोलिश होते, स्पॅनिश होते, फिलिपिनो होत्या, एक ब्राझीलची मुलगी होती. पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं "मूल" या अर्थाचा शब्द, स्पेलिंगप्रमाणे वाचला तर होतो बार्न, आणि म्हणाल्या की र आणि न वेगवेगळे म्हणायचे नाहीत, दोन्ही मिळून एकच आवाज, जीभ मागे वळवून. सगळा क्लास बार्न, बान, बारन करत होता आणि मी म्हटलं "बाण". बाई थांबल्या. परत म्हणायला लावलं. बाण. धनुष्यबाणातला बाण, त्यात काय. मग त्यांनी एकेक शब्द माझ्याकडे टाकायला सुरुवात केली. र अधिक ट म्हणजे आपला ट, नकाशाला "काट". र अधिक ड म्हणजे ड, झालं-संपलं या अर्थी "फॅडी". र अधिक ल म्हणजे चक्क ळ, धोकादायक म्हणजे "फाळी". र अधिक स म्हणजे पोटफोड्या ष, आणि तो तर भाषेच्या नावातच बसलाय, नॉष्क. अख्खा ट वर्ग पडलाय हो इथे! आणि हे शब्दाच्या आतच होतं असं नाही, बोलताना दोन शब्द चिकटले तरी होतं, "तुझ्याकडे आहे का" यातलं हार आणि दू मिळून होतं "हाडू". हे एकदा कानाला कळलं ना की रेडिओवर जो नुसता गोंगाट वाटतो त्यातून शब्द सुटे व्हायला लागतात. पुस्तकात हे कुठेतरी मागे छोट्या चौकटीत असतं, मराठी माणसाने ती चौकट पहिल्या दिवशी वाचावी.

यात मला एक वेगळीच मजा वाटली, आणि ती फक्त आमच्या वऱ्हाडातल्या लोकांना कळेल. मी अकोल्याची. आमच्या घरी पानी, लोनी, कोन. ळ चा तर य होतो, डोळा नाही डोया, केळी नाही केयी. इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा होस्टेलवर रूममेट माझ्याकडून मुद्दाम "काळी केळी" वदवून घ्यायच्या आणि लोळून हसायच्या. कुणी वाईट नव्हतं त्यात, मैत्रिणीच होत्या, आजही आहेत, पण मी वर्षभरात जीभ वळवून ण आणि ळ असा घोटला की घरी गेल्यावर आई म्हणाली, "लय शुद्द बोलून राह्यली वं." तर तो पुण्यात टिंगल होऊन कमावलेला ण आणि ळ इथे ऑस्लोत मला शाबासकी मिळवून देत होता. बाईंना हे सांगायला तेव्हा माझ्याकडे तेवढं नॉर्वेजियन नव्हतं.

सगळंच सोपं गेलं असं मात्र नाही. स्वरांनी जीव काढला. आपल्या उ सारखा दिसणारा त्यांचा यू हा उ नाहीच, आणि वाय अक्षराचा जो आवाज आहे त्यात जीभ ई म्हणते आणि ओठ ऊ म्हणतात, तो काढताना आरशात स्वतःकडे बघवत नाही. दुसरं म्हणजे लांबी. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी आपले मार्क कापले जातात पण बोलताना पाळतं कोण? इथे पाळावंच लागतं, "थाऽक" म्हणजे छप्पर आणि "थाक्क" म्हणजे थँक्यू, आणि दुकानदाराला "छप्पर" म्हणून बाहेर पडणारे आपले कितीतरी लोक मी रोज ऐकते. तिसरं कुणी सांगत नाही ते म्हणजे सुरुवातीचे क, त, प. ते आपले क-त-प नाहीत, त्यात हवा आहे, ख-थ-फ च्या जवळ जायचं. आपण साधा प म्हटला की त्यांना ब ऐकू येतो आणि ते चेहरा कोरा करून बघतात. मराठीत हे दोन्ही आवाज आहेत, फक्त आपण भलता वापरतो, एवढं बदललं तरी निम्मे "हं? काय म्हणालीस?" बंद होतात. आणि ते गाण्यासारखे चढउतार, ज्याने शेतकरी आणि घेवडे यांच्यात फरक होतो म्हणतात, त्याच्या नादी मी लागलेच नाही, संदर्भाने कळतं सगळं. आमच्या ग्रुपमधल्या एका पंजाबी मैत्रिणीला ते लगेच जमलं, पंजाबीत सूर असतात म्हणे शब्दांना, मला मान्य आहे, ट वर्ग माझा तर सूर तिचे.

व्याकरणात पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग बघून इंग्रजीवाले रडतात. आपण कशाला रडायचं, आपल्याकडे तिन्ही आहेतच. आणि गंमत बघा, मूल नपुंसकलिंगी, त्यांचंही. घर, पाणी, अंडं, डोकं, हृदय, टेबल, झाडाचं पान, सगळी "ते", आणि त्यांच्याकडेही सगळी नपुंसकलिंगीच. योगायोग आहे, त्याच्या भरवशावर परीक्षा देऊ नका (पुस्तक त्यांच्याकडे स्त्रीलिंगी निघालं, डोळा नपुंसकलिंगी), पण सुरुवातीला हुरूप यायला बरं असतं. क्रियापद तर माणसाप्रमाणे बदलतच नाही, मी-तू-तो-आम्ही सगळ्यांना एकच रूप. आदरार्थी तर जवळजवळ मेलंय, डॉक्टरला दू (म्हणजे तू), बॉसला दू, मुलीच्या बालवाडीतल्या बाईंना दू आणि वर पहिलं नाव. साठीच्या बॉसला नावाने हाक मारताना माझ्या तोंडून आधी मनातल्या मनात "अहो" निघायचं. अवघड आहे ती क्रियापदाची जागा. वाक्याची सुरुवात कशानेही करा, क्रियापद दुसऱ्याच नंबरवर पाहिजे, आणि आपल्याला लहानपणापासून ते शेवटी ठेवायची सवय. मी हा नियम इतका गिरवला की झोपेत विचारलं असतं तरी क्रियापद दुसऱ्या जागी ठेवलं असतं.

आणि मग आम्ही ऑस्लो सोडून उत्तरेकडच्या ट्रॉनहाइमला आलो.

पहिल्याच दिवशी नव्या ऑफिसात एकाने विचारलं, "का दू सै?" मी बघतच राहिले. पुस्तकातलं "वा सियर दू", म्हणजे काय म्हणतेस. इकडे "वा"चं झालं "का", आणि क्रियापद दुसऱ्या जागेवरून उठून शेवटी गेलेलं! दोन वर्षं ज्या नियमासाठी घाम गाळला तो इथे प्रश्न विचारताना बिनदिक्कत मोडतात. आणि मला हसूच आलं, कारण आमच्या अकोल्या-नागपूरकडे पण "काय" नाही, "का"च. का करून राह्यली? का म्हनतं? त्या दिवसापासून हा का मला परका वाटलाच नाही. बाकी भाषा मात्र नव्याने शिकावी लागली. "मी" ऑस्लोत "याय" होता तो इथे नुसता "ॲ". "नाही" होतं "इक्के", ते इथे "इच". शब्दांची शेपटं कापून टाकतात. इथलं एक प्रसिद्ध वाक्य आहे, "ॲ ए ई आ ॲ ओ", म्हणजे मी पण अ तुकडीत आहे. एकही व्यंजन नाही त्यात, बाराखडी म्हणायला बसल्यासारखं वाटतं! आणि शब्दाच्या शेवटी दुहेरी न आला की तो मऊ करून, टाळूला जीभ लावून म्हणतात, माणूस म्हणजे "मञ्". तो ञ, हो तोच, जो आपल्याकडे तक्त्यात "ट"च्या आधी केविलवाणा बसलेला असायचा आणि ज्याने सुरू होणारा शब्द कुठल्याच बाईंना सांगता यायचा नाही. बर्गनला गेलात तर वेगळंच, तिथे र घशातून काढतात, त्यामुळे ट वर्गच गायब, माझा सगळा भाव उतरतो तिथे.

हे असं का, तर नॉर्वेत बोलण्याची अशी एक अधिकृत प्रमाणभाषा नाहीच. लिहिण्याच्या दोन आहेत, बूकमोल आणि नीनॉष्क. 1814 पर्यंत चारेकशे वर्षं डेन्मार्कशी जोडलेला देश, लिहिणं डॅनिशमध्ये. बूकमोल त्या डॅनिशला नॉर्वेजियन वळण देत देत झाली. दुसरीची गोष्ट मला जास्त आवडते. ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1813 चा, बराचसा स्वतःच शिकलेला, हा 1840 च्या दशकात गावोगाव फिरत लोकांच्या बोली टिपत सुटला, आणि 1848 ला व्याकरण, 1850 ला शब्दकोश काढला. म्हणजे राजधानीतल्या सुशिक्षितांची भाषा न धरता खेड्यापाड्यातल्या बोलींवरून लिहिण्याची भाषा उभी केली. 1885 ला संसदेने तिला बरोबरीचा दर्जा दिला. आज शाळेत दहातलं एखाद-दुसरं मूलच ती मुख्य भाषा म्हणून घेतं, पण सरकारी रेडिओ-टीव्हीला, एनआरकेला, किमान 25 टक्के नीनॉष्क वापरावंच लागतं, आणि सरकारी खात्याला तुम्ही नीनॉष्कमध्ये पत्र लिहिलं तर उत्तर नीनॉष्कमध्येच द्यावं लागतं. बोलण्याबाबत तर अजून पुढे. 1878 मध्येच संसदेने ठरवलं की प्राथमिक शाळेत शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलीत शिकवायचं. त्यामुळे आज मंत्री संसदेत आपल्या गावच्या बोलीत भाषण करतो, रेडिओवरची निवेदिका आपल्या बोलीत बोलते, आणि कुणाला त्यात अशुद्ध काही दिसत नाही.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा वैताग आहे, खोटं कशाला बोलू. पुस्तकात शिकवतात ती भाषा हुबेहूब तशी बोलणारा माणूस शोधावा लागतो. पण अकोल्याची म्हणून माझ्या पोटात दुखतं ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे बातम्या वऱ्हाडीत देणारी निवेदिका कल्पना करून बघा. अहिराणीत विधानसभेत लेखानुदानावर भाषण. मालवणी आपल्याला नाटकात हसायला चालते, नागपुरी सिनेमात कॉमेडीला चालते, पण डॉक्टर "तुमाले का तरास हाय" म्हणाला की त्याच्या डिग्रीवर शंका येते. आणि हे करणारे आपणच. मी स्वतः मुलाखतीला जाताना वऱ्हाडी घरी ठेवून गेलेय. इथला माझा एक कलीग सोग्नच्या फ्योर्डजवळच्या (म्हणजे लांब, अरुंद खाडीजवळच्या) गावचा आहे, त्याला मी विचारलं की तू ऑस्लोत नोकरीला होतास तेव्हा बोली बदललीस का, तर त्याला प्रश्नच कळेना. "का बदलू? त्यांना कळत होतं की." बस.

आकड्यांचं पण सांगते, कारण मराठी माणसाला त्यात घरचंच भांडण सापडतं. पूर्वी नॉर्वेत पंचवीसला आपल्यासारखंच पाच-आणि-वीस म्हणायचे, एकक आधी. टेलिफोनवर आकडे ऐकताना उलटसुलट होतात म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि 1 जुलै 1951 पासून अधिकृतपणे वीस-पाच झालं. वाचताना मला आपल्या 2019 च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाची आठवण झाली, बालभारतीने वीस एक, वीस दोन आणलं आणि मंगला नारळीकरांना किती बोलणी खावी लागली, विनोद, मीम, विधानसभेत चर्चा, सगळं झालं. तर इथे सत्तर वर्षं झाली हुकूम निघून, आणि बसमध्ये म्हातारी माणसं अजून पाच-आणि-वीस म्हणतात, काही तरुण पण म्हणतात, एकाच माणसाच्या तोंडून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं ऐकू येतं. मला दोन्ही कळतं. इंग्लिशवाल्या विद्यार्थ्यांना ते उलटे आकडे ऐकले की घाम फुटतो, मी मात्र पस्तीस-छत्तीसवर वाढलेली, मला तेच आधी कळतं.

शिकायला उपयोग कशाचा झाला म्हणाल तर अ‍ॅपचा सर्वात कमी. ड्युओलिंगोच्या घुबडाने मला "अस्वल बीअर पितं" शिकवलं, ते अजून कुठे वापरायला मिळालेलं नाही. उपयोग झाला एनआरकेवरच्या मुलांच्या कार्यक्रमांचा, सबटायटल लावून, कारण बोलतात बोलीत आणि खाली येतं ते लिखित भाषेत, एका नजरेत दोन्ही कळतं. क्लार ताले म्हणून सोप्या भाषेतलं वर्तमानपत्र आहे, ते. आणि लायब्ररीतला स्प्रोककाफे, म्हणजे भाषा बोलायला जमायचा कट्टा. तिथे बहुतेक निवृत्त शिक्षिका येतात, कॉफी असते, फी नसते, आणि मुख्य म्हणजे त्या इंग्लिशवर जात नाहीत, तुम्ही वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबतात. आमच्या टेबलावरच्या आजी मध्येच श्वास आत ओढून "या" म्हणायच्या, हो हो या अर्थी, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यांना दमा आहे की काय, पाणी आणायला उठणार होते मी. इकडे उत्तरेला सगळेच तसं करतात. आता मी पण करते, फोनवर आई विचारते, "का झालं वं, दचकली का?"

मुलीचं वेगळंच. ती बालवाडीत गेली आणि काही महिन्यांत ट्रॉनहाइमची झाली, ॲ, इच, का, सगळं. माझ्या वाय अक्षरावर हसते. हसू दे. पण परवा व्हिडिओ कॉलवर आजी "डोये मिट" म्हणाली आणि ही म्हणते "आजी, डोळे!" तेव्हा मात्र मी तिला चांगलंच झापलं. आजीचं बरोबर आहे म्हटलं, तुझंही बरोबर आहे, आता गप जेव.

परीक्षेबद्दल खूप जण विचारतात म्हणून थोडक्यात. नॉष्कप्रोवेन, म्हणजे नॉर्वेजियनची परीक्षा, तिचे चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. नागरिकत्वासाठी आधी बोलण्यात ए-टू पुरायचं, 1 ऑक्टोबर 2022 पासून बी-वन लागतं. नॉर्वे 2020 पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं पण भारत घेत नाही, त्यामुळे आपले बरेच लोक पर्मनंट रेसिडेन्सवरच थांबतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न. तोंडी परीक्षेत तुम्हाला दुसऱ्या परीक्षार्थीसोबत बसवून एखाद्या विषयावर गप्पा मारायला लावतात, शहरात राहणं बरं की गावात, कचरा वेगळा करणं, असलं काहीतरी. "एका बाजूने बघता, दुसऱ्या बाजूने बघता" ही दोन वाक्यं सगळे पाठ करून येतात आणि परीक्षकांना ते माहीत असतं. पार्टनर गप्प बसणारा असेल तर त्याला प्रश्न विचारा, तुमचंही बोलणं होतं आणि त्याचंही. सगळे भाग एकदम द्यायची सक्ती नाही, बोलणं आधी आणि लिहिणं पुढच्या वेळी असं करता येतं. नोंदणी उघडली की लगेच करा, रात्री निवांत करू म्हणून ठेवू नका. बाकी ण आणि ळ चं टेन्शन घेऊ नका, पुण्याच्या असाल तर येतोच, आणि आमच्याकडच्या असाल तर मला फोन करा, दोन दिवसांत बसवून देते.